पान पडता कामा नये

एका जंगलात एक गवा राहत असे, आणि तो फार मोठा सेनापती होता. मुलांनो, सेनापती म्हटले की तुम्ही लगेच सरसावून बसता, म्हणून आधीच सांगून टाकतो, की या गोष्टीतली लढाई इथेच संपते. रानकुत्र्यांच्या टोळ्या जंगलात शिरल्या, तेव्हा गव्याने सगळ्या प्राण्यांना एका घळीत लपवले आणि हुकूम सोडला, "पान पडता कामा नये!" वानरांनी फांदी हलवली नाही, मोराने तोंड उघडले नाही. टेकाडावर पहाऱ्याला चितळांपैकी एक हरिणी उभी होती. तिच्या पायांना लाल मुंग्या डसत होत्या, तरी तिने पाय झटकला नाही. रानकुत्रे बेसावध पुढे आले आणि गव्याने त्यांना शिंगांवर घेतले. नंतर सगळ्यांसमोर तो हरिणीकडे पाहून म्हणाला, "कुरकूर न करणारा शिपाई असा असतो." तेवढ्या एका वाक्यावर हरिणीने सारा जन्म आनंदाने काढला असता.

पुढे एका उन्हाळ्यात झाडांना फळ कमी आले. फार कमी नव्हते, पण भीती मात्र उदंड पिकली. खारीने आपले दाणे पुरून ठेवले. अस्वल मधाची पोळी कुणाला दाखवीना. साळिंदराने कंद उकरून बिळात नेले. जो तो आपल्यापुरते धरून बसला, म्हणून दुसऱ्याला मिळेना. आणि ज्याला मिळेना, तो हाती लागेल ते आणखी घट्ट धरू लागला. जंगलात खायला होते, पण ते फिरत नव्हते. माणसांच्या बाजारात असे झाले की त्याला मंदी म्हणतात आणि शहाणी माणसे त्यावर लांबलचक भाषणे करतात. प्राणीही काही कमी नाहीत. त्यांनी सभा भरवली.

"ज्यांनी रानकुत्रे पळवले, त्यांना ही टंचाई कितीशी जड?" मोर पिसारा सावरत म्हणाला. "कारभार सेनापतींच्या हाती द्या!"

गवा म्हणाला, "मला झुंज कळते. घास कसा वाटायचा ते मला कळत नाही."

खरे बोलला बिचारा. पण सगळ्यांनी त्याचा एवढा जयजयकार केला, की आपण काय बोललो ते तोच विसरला. दुसऱ्या दिवशी कारभार हाती घेऊन तो शत्रू शोधायला निघाला. टंचाई म्हणजे शत्रू नव्हे, हे त्याला कोण सांगणार? साऱ्या आयुष्यात त्याने संकट पाहिले होते ते दात विचकून समोरून येणारे.

उंबराच्या झाडाखाली तो थबकला. वर वानरे खात होती आणि खाली अर्धवट चावलेली उंबरे, मोडलेले डहाळे, कोवळी पाने यांचा सडा पडला होता. गव्याचे डोळे लाल झाले.

"सापडला शत्रू!" तो गरजला. "नासाडी! आजपासून पान पडता कामा नये! तोडाल ते पुरते खा, आणि उरेल ते कोठारात आणून टाका."

वानरांची म्हातारी फांदीवरून खाली वाकली. "सेनापती, आम्ही अर्धं खातो, अर्धं टाकतो, ते काही माज आला म्हणून नव्हे. गवत करपलं की चितळं आमच्या झाडाखालीच जगतात. आणि बिबट्याचा वास आला की तीच आम्हाला सावध करतात. आमच्या आजे-पणज्यांपासूनची ही रीत आहे हो."

"रणात रीत नसते, आजी. हुकूम असतो," गवा म्हणाला.

हुकूम पाळला गेला. त्या जंगलात गव्याचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत कोठार झाले आणि साळिंदर काटे उभारून दारावर बसला. ढोली भरू लागली. गवा रोज तिच्यासमोर उभा राहायचा तेव्हा त्याला जिंकल्यासारखे वाटायचे. खरोखर, त्याने स्वतःसाठी त्यातले एक उंबरसुद्धा घेतले नाही. तो लबाड असता तर ही गोष्ट सांगताना मला इतके वाईट वाटले नसते.

झाडाखालची जमीन मात्र स्वच्छ राहिली. चितळे येत, जमीन हुंगत आणि परत जात. मग ती दूरच्या ओढ्याकडे वाळके गवत शोधायला जाऊ लागली. झाडाखाली बिबट्याचा वास घेणारे कुणी उरले नाही, म्हणून वानरेही भेदरून शेंड्यावर बसू लागली. जंगलाचे पोट आणखी खपाटीला गेले. ते पाहून गव्याने हुकूम आणखी कडक केला.

संध्याकाळी तो चितळांना रांगेत उभे करी आणि रांगेसमोरून चालत विचारी, "काही तक्रार?"

"नाही, सेनापती," हरिणी सगळ्यांच्या आधी म्हणे. तिच्या फासळ्या दिसू लागल्या होत्या. गवा मान ताठ ठेवून पुढे जाई. रांग सरळ आहे की नाही, एवढेच तो बघे.

म्हातारी वानरीण एकदा न राहवून तिला म्हणाली, "अगं बाई, सांग ना त्याला! उपाशी आहे म्हणावं."

"त्यांनी विचारलं की सांगेन."

"रोज विचारतो की!"

"ते विचारत नाहीत, आजी. ते हजेरी घेतात," हरिणी म्हणाली. "आणि एवढं जंगल सांभाळतायत बिचारे. त्यात माझी कुरकूर कशाला?"

मग एका दुपारी साळिंदर नाक मुरडत गव्याकडे आला. "सेनापती, कोठाराला वास येतोय." गव्याने ढोलीत तोंड घातले. वरची उंबरे बुरसली होती, त्याखालची सडली होती आणि तळाला नुसते किडे वळवळत होते. पिकले उंबर साठवून टिकत नाही, हे त्या जंगलात सगळ्यांना ठाऊक होते. त्याला ते सांगायचे धाडस मात्र कुणाला झाले नव्हते.

त्या संध्याकाळी चितळांची रांग लागली तेव्हा हरिणी आली नाही. जी जागेवर असणारच असे डोळे मिटून धरावे, ती आली नाही. गवा तिला शोधत धावला. ती उंबराखालच्या स्वच्छ जमिनीवर कुशीवर पडलेली होती. गव्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिले.

"टाका!" तो वर बघून ओरडला. "टाका खाली!"

वानरे हलली नाहीत. त्यांना वाटले, सेनापती आपली परीक्षा घेतोय. तेव्हा जन्मात ज्याने एक हुकूम दोनदा दिला नव्हता, तो गवा हंबरून म्हणाला, "टाका रे बाबांनो, पाया पडतो तुमच्या!"

उंबरे टपटप पडू लागली. एक हरिणीच्या तोंडाशी आले. तिने नाक फुलवून वास घेतला, डोळे उघडले आणि विचारले,

"हुकूम आहे का, सेनापती?"

"आहे. खा ताई, खा."

तिने उंबर तोंडात घेतले. पण चावायला जोर उरला नव्हता. ते तसेच तोंडात ठेवून ती गेली. गवा रडला. गवे रडत नाहीत असे कुणी सांगितले, तर खुशाल समजा की त्याने गवा पाहिलेलाच नाही.

नवा हुकूम कुणाला काढावा लागला नाही. वानरे पूर्वीसारखी टाकत खाऊ लागली, चितळे झाडाखाली परतली, हळूहळू अस्वलाने आणि खारीनेही मूठ सैल केली. सगळे सावरल्यावर मोराने पुन्हा सभा भरवली आणि सेनापतींनी टंचाईवर मिळवलेल्या विजयाबद्दल त्यांचा सत्कार ठरवला. गवा आला नाही. तो उंबराखाली मान खाली घालून उभा होता आणि तिथे खाणाऱ्या एकेका चितळाजवळ जाऊन हलक्या आवाजात विचारत होता, "पोट भरलं का रे? खरं सांग."

चितळे त्याला पाहताच घास टाकून रांगेत उभी राहत होती.

तात्पर्य : ज्याच्या हाती सगळ्यांचा घास असतो, त्याने आपला धाक आधी उतरवून ठेवावा; धाकापुढे उपाशी पोटही "तक्रार नाही" असेच म्हणते.