कानातले भुंगे

त्या राज्यात आता कोणालाच वाट ठाऊक नव्हती. पूर्वी हरणं उन्हावरून, ससे वाऱ्यावरून आणि चिचुंद्र्या मातीच्या वासावरून आपापली वाट काढत. पण त्या वाटा लांबच्या असत, आणि चुकलं तर दोष आपल्याच नाकाला द्यावा लागे. म्हणून वाटघर निघालं तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. वाटघरातून प्रत्येकाला एक भुंगा मिळे. भुंगा कानात बसे आणि सांगे, "डावीकडे वळा," "सरळ चला." प्राणी तसे वळत, तसे चालत, आणि बरेचदा पोचतही.

वाटघर एका जुन्या नांदरुकीच्या झाडावर होतं. घारी वरून वाटा पाहून येत. साळुंक्या भुंग्यांना बोलायला शिकवत. रोजच्या सूचना झाडाझाडांवरून गुणगुणत भुंग्यांपर्यंत पोचत. नवी सवय मात्र त्यांना फक्त पौर्णिमेला लावता येई. या सगळ्यावर एक धनेश देखरेख करी. त्याची चोच एवढी जड होती की त्याला मान वळवून खाली पाहणं अवघड जाई.

साळुंक्यांमध्ये एक वयस्क साळुंकी होती. तिचा आवाज मऊ होता, म्हणून राज्यातले सगळे भुंगे तिच्याच आवाजात बोलत.

एकदा धनेशाने तिला बोलावलं. खोल घळींत झाडं नव्हती. तिथे गुणगुण पोचत नसे आणि भुंगे गप्प होत. भुंगा गप्प झाला की प्राणी घाबरत आणि त्याला कानातून काढून फेकून देत.

"असे रोज किती भुंगे फेकले जातात, ठाऊक आहे?" धनेश म्हणाला. "काहीतरी कर."

साळुंकीने खूप विचार केला. अशाच एका घळीत एक चिचुंद्री पिल्लांना घेऊन दिवसभर एका जागी थरथरत बसली होती, असं तिच्या कानावर आलं होतं. तिला त्या आईची दया आली. पौर्णिमेला तिने भुंग्यांना शिकवलं: ऐकू येईनासं झालं तर शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायचं. हळू म्हणायचं, मायेनं म्हणायचं, आणि कोणी काढून टाकेपर्यंत म्हणत राहायचं.

त्यानंतर घळींमध्ये कोणी भुंगा फेकला नाही. धनेशाने सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. ती लाजली, आणि त्या दिवशी तिला छान झोप लागली.

मग पुराने दगडी घळीवरचा लाकडी साकव वाहून गेला.

ही बातमी आणली एका टिटवीने. ती घळीच्या काठावर, जमिनीवरच राहत असे. ती धापा टाकत सांगू लागली, "तीन रांगा गेल्या हो! चिचुंद्र्यांच्या. धुक्यात चालत आल्या अन् चालतच कड्यावरून खाली गेल्या. मी ओरडले, पण कानात भुंगे. उद्या चौथी रांग निघायचीय."

धनेशाने नोंदी मागवल्या. "घारींच्या नोंदीत साकव आहे," तो म्हणाला.

"घारींना धुक्यातून काय दिसणार, धनेशराव?" साळुंकी म्हणाली.

"धुकं गेलं की दिसेल. जमिनीवरच्या पाखराच्या सांगण्यावरून वाट बदलायची नसते. आणि त्या वाटेवरून एक तरी तक्रार आली आहे का?"

"तक्रार करायला परत कोण येणार?"

धनेशाने नोंदी बाजूला सारल्या. साळुंकी पुन्हा म्हणाली, "निदान भुंग्यांना एवढं शिकवू द्या. ठाऊक नसेल तिथे 'मला ठाऊक नाही' म्हणा."

"म्हणजे पुन्हा फेकून देतील. आणि पौर्णिमेला अजून नऊ दिवस आहेत."

बाहेर दुसरी साळुंकी चोच पुसत बसली होती. ती म्हणाली, "ताई, किती जिवाला लावून घेशील? आपण बोलायला शिकवतो. चालतात ते त्यांच्या पायांनी."

"पण आवाज माझा आहे गं."

"मग गोड आहे म्हणून खूश हो की!"

साळुंकी उडाली. वाटघर सोडून एवढ्या लांब ती कधी गेली नव्हती, आणि वाट विचारायला तिच्याकडे भुंगा नव्हता. टिटवी पुढे, ती मागे. दुसऱ्या दिवशी त्या घळीवर पोचल्या. धुकं दाट होतं. कड्यापासून दहा पावलांवर चिचुंद्र्यांची रांग येत होती. प्रत्येकीने पुढचीची शेपटी दातांत धरलेली. तोंडं भरलेली, त्यामुळे बोलू शकत होती ती एकटी म्होरकी.

साळुंकी तिच्यासमोर वाटेत उतरली. "थांब! पुढे साकव नाही!"

म्होरकी दचकून थांबली. "बाजूला हो बाई. लेकरं दमलीत."

"अगं, खाली घळ आहे! ऐक माझं!"

म्होरकीने कान टवकारला. "थांब जरा. हा आवाज ओळखीचा आहे. कानात बोलतेस ती तूच ना?"

"मीच. मीच शिकवलंय त्याला. त्याला काही ठाऊक नाही."

"तिथे किती शांत बोलतेस," म्होरकी म्हणाली, "आणि इथे किंचाळतेस. मी कोणाचं ऐकू?"

"कोणाचंच नको. माती हुंग. तुझं नाक सांगेल."

म्होरकीने नाक खाली नेलं. किती दिवसांत ते तिने कामाला लावलं नव्हतं. ओल्या गारव्याखेरीज त्याला काही लागेना. तरी ती जागची हलली नाही. तिने पंजा उचलून कानाकडे नेला, भुंग्याच्या पाठीवर टेकवला.

तेवढ्यात वारा पडला, आणि समोरच्या धुक्यातून आवाज आला. आधी एक, मग दहा, मग कितीतरी. सगळे एका सुरात, साळुंकीच्याच मऊ आवाजात, खालून वर येत होते.

"सरळ चला. सरळ चला. सरळ चला."

म्होरकीचा पंजा खाली आला. तिचा चेहरा उजळला. मागे वळून ती म्हणाली, "ऐकलंत का गं पोरींनो? पुढे गेलेली आपलीच मंडळी आहेत. अगदी जवळ आहेत."

मागे सगळ्यांनी दात घट्ट केले, आणि रांग साळुंकीला वळसा घालून चालू लागली.