सगळ्या शेतावर पातेरा

“…मग शाळांचा वाटा थोडा कमी केला, तर बिघडलं कुठं, बाबा?”

पिराची सेवा करणारे फकीर लतीफबाबा शेतात वाकून ढेकळं फोडत होते. पिराच्या नावाने वाडीने त्यांना दिलेलं ते एवढंसं भातशेत.

विचारणारा दिगंबर शिगवण, याच वाडीतला. जिल्ह्याच्या नियोजन कचेरीत नुकताच अधिकारी झालेला. सहा वर्षांचा असताना या फकिरानेच बोट धरून त्याला वाडीच्या शाळेत नेऊन बसवलं होतं.

आज दिगंबरच्या खिशात बंद करायच्या शाळांची यादी होती. वाडीची शाळा सातव्या ओळीवर. मुलं नऊ, शिक्षक एक. संध्याकाळपर्यंत सही करून यादी वर पाठवायची होती. बाबा हो म्हणाले की वाडी हो म्हणेल, हे त्याला माहीत होतं. म्हणून तो सकाळीच आला होता.

तो बराच वेळ बोलला. आपला देश गरीब. कुणाला रस्ता हवा, कुणाला ओढ्यावर साकव, कुणाला दवाखाना. एकट्या शाळांवर एवढा खर्च श्रीमंतांना परवडतो. आपण प्रत्येकाला थोडं थोडं, पण सारखं द्यावं.

“न्याय तोच ना, बाबा?”

“न्याय…”

बाबांनी कंबर सरळ केली आणि शेताच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे शेण, वाळक्या फांद्या आणि हिवाळाभर रानातून वेचून आणलेल्या पातेऱ्याचा, म्हणजे सुक्या पानांचा, ढीग होता.

इकडे चैत्रात हे सगळं शेताच्या एका लहानशा कोपऱ्यात पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. पाऊस पडला की भात पेरायचं ते त्याच कोपऱ्यात. रोपं वीतभर झाली की उपटून साऱ्या शेतात लावायची. बाकीच्या शेताला पातेऱ्यातलं एक पानही मिळत नाही.

“यंदा तुझ्या न्यायाने करू,” बाबा म्हणाले. “सगळ्या शेताला सारखं वाट.”

दिगंबर हसला. कचेरीत बसून हात मऊ झाले, असं बाबांना वाटायला नको होतं. त्याने बूट काढले, बाह्या सारल्या आणि टोपली उचलली.

तास-दीड तास तो टोपल्या वाहत राहिला. मापात, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत.

शेजारच्या शेतातून सखूकाकी पाहत होती. तिची नात त्या नऊ मुलांतली एक.

“दिगू, कोंबड्यांना दाणे टाकतोस काय रे?”

त्याने पुढची टोपली भरली. शेवटची टोपली रिकामी झाली तेव्हा बाबांनी त्याच्या हातात काडेपेटी ठेवली.

“लाव.”

एक पान पेटलं, चुरचुरलं आणि विझलं. त्याने दोन पावलांवर पुन्हा काडी ओढली. तेही विझलं. अर्धी पेटी संपली. शेत होतं तसंच होतं, लाल मातीत चार काळे ठिपके तेवढे पडले होते.

“पुरत नाही,” दिगंबर म्हणाला.

“किती पुरेल?”

“सगळ्या शेताला?… तेवढा पातेरा या रानात नाही, बाबा.”

“मग?”

दिगंबरने रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं.

मग कुणी न सांगताच तो पानं गोळा करू लागला. काकी बांध उतरून आली आणि तिनेही पदर खोचला. पसरलेलं सगळं पुन्हा कोपऱ्यात आलं. खाली शेण, त्यावर फांद्या, मग पातेरा, आणि आग सावकाश चालावी म्हणून वर बारीक माती. वाऱ्याच्या उलट बाजूने काडी लावली.

एकाच काडीत पेटलं.

धूर सरळ वर जात होता. तिघं आंब्याखाली बसून काकीची भाकरी आणि सुकटीची चटणी खात होते. इतक्या भुकेने दिगंबर कित्येक दिवसांत जेवला नव्हता.

हात झटकून त्याने खिशातली यादी काढली आणि पेनाने सातवी ओळ खोडली. मग तो वरच्या सहा ओळी वाचत राहिला. खालच्याही वाचल्या. त्या वाड्यांतही कुणी तरी आज राब भाजत असेल… त्याने यादी सही न करता घडी घालून ठेवली. संध्याकाळी साहेबांसमोर काय बोलायचं, ते त्याला आता ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र अजून टोचत होती.

“बाबा, सगळं या कोपऱ्याला द्यायचं. आणि रोपं मोठी झाली की ती उपटून दुसरीकडे जाणार. शिकलेली पोरंही तशीच जातात. या कोपऱ्याकडे परत कोण येतं?”

काकी पदर तोंडाला लावून हसली.

बाबांनी दिगंबरकडे पाहिलं. त्याच्या धुळीने भरलेल्या अनवाणी पायांकडे, राखेने पिकलेल्या केसांकडे… मग रिकामी टोपली त्याच्यापुढे सरकवली.

“काकीचा राब अजून भाजायचा आहे. ऊठ.”