गुणाजीने पाहुणे सांभाळले

समुद्राकडे तोंड करून बसलेल्या एका गावात एक भोळा माणूस होता. त्याचं नाव गुणाजी. सांगितलेलं काम तो अगदी मन लावून करायचा. तेवढंच संकट होतं.

गुणाजी त्याच्या मथूआत्येकडे राहायचा. आत्येने भर समुद्रात मासे पाळले होते. जाळ्याचा मोठा गोल पिंजरा, तो तरंगावा म्हणून वर पोकळ नळ्यांचं कडं, खाली नांगर आणि आत जिताडे. लोक म्हणायचे, "मथू, मासे खाडीत पाळतात गो. इथे पहिल्या लाटेला जाईल सगळं."

आत्ये म्हणायची, "जाईल तर जाईल. राहिलं तर माझ्या शेवंतीचं लग्न होईल."

शेवंती तिची मुलगी.

पहिल्याच दिवशी गुणाजीने नांगराचा दोर ओढून ओढून घट्ट बांधला. मोठी लाट आली. दोर फटकन तुटला.

"मेल्या, समुद्रात दोर ताणून बांधतात का? ढिला ठेवावा. हलायला जागा द्यावी."

"बरं, आत्ये."

घरी आल्यावर आत्ये म्हणाली, "बकरी बांध रे." गुणाजीने होडीचा लांबलचक दोर आणला आणि बकरी बांधली. बकरी सगळ्या अंगणात हलली. हलता हलता तिने शेवंतीची वाळत घातलेली साडी खाल्ली. बरी अशी ती एकच साडी होती.

"बकरी अशी बांधतात?"

"हलायला जागा नको का, आत्ये?"

आत्येने कपाळावर हात मारला. पण त्याच्यावर फार वेळ रागवायला तिला जमायचं नाही. आईबापाविना पोर, तिनेच भरवून वाढवलेलं.

पुढे पिंजऱ्याच्या जाळ्यावर शेवाळ धरलं, बारके शिंपले चिकटले. भोकं बुजली. आत पाणी खेळेना, मासे गुदमरू लागले. आत्ये म्हणाली, "चिकटलेलं सगळं खरवडून काढ."

गुणाजीने जाळं लख्ख केलं. काम छान झालं. इतकं छान, की त्याचा हात थांबेना. पिंजऱ्याशेजारी आत्येने पाण्यात दोर लोंबते सोडले होते आणि त्यांवर खायचे शिंपले वाढवले होते. गुणाजीने तेही दोर लख्ख केले.

"बघ आत्ये, एक शिंपला ठेवला नाही!"

आत्ये होडीत मटकन बसली. "अरे, ते आपलं पीक होतं! दोरावर काही धरलं तर हात लावू नये. वाढू द्यावं."

"बरं, आत्ये."

काही दिवसांनी अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर गांधीलमाश्यांनी पोळं धरलं. गुणाजी रोज बघून यायचा. पोळं लिंबाएवढं झालं. मग नारळाएवढं झालं. मग आत्ये लुगडं वाळत घालायला गेली.

संध्याकाळी आत्येचं तोंड भोपळ्याएवढं झालं.

"तुला पोळं दिसलं नाही?"

"दिसलं की. यंदा पीक चांगलं आहे."

मग वादळ आलं. लाटा माडाएवढ्या होणार, असं सगळे म्हणू लागले. वारा चढायच्या आत आत्ये गुणाजीला घेऊन पिंजऱ्याकडे गेली. "कड्याची बुचं काढ. नळ्यांत पाणी भरू दे. पिंजरा खाली जाऊ दे."

"बुडवायचा?"

"बुडवायचा. धिंगाणा सगळा वरती असतो रे. खाली शांत असतं. वादळ सरलं की पंपाने हवा भरायची. आपोआप वर येतो."

तसंच झालं. वादळाने गावातली कौलं नेली, पण पिंजरा वाचला. हवा भरल्यावर तो डुलत वर आला. आत सगळे जिताडे जिवंत होते. आत्येने गुणाजीच्या पाठीवरून हात फिरवला. "शहाणा रे माझा गुणाजी," म्हणाली. आजवर त्याला शहाणा कोणी म्हटलं नव्हतं. तो दिवसभर एकटाच हसत होता.

भर समुद्रात टिकलेल्या पिंजऱ्याची गोष्ट खाडीपलीकडे गेली. तिकडून शेवंतीला बघायला पाहुणे निघाले. मुलगा, त्याची आई आणि त्याचे वडील. आत्येने शेजारणीची साडी मागून शेवंतीला नेसवली आणि गुणाजीला होडी घेऊन पाठवलं.

"नीट आण हो. पिंजरा सांभाळलास, तसेच पाहुणे सांभाळ."

"बरं, आत्ये."

येताना वारा सुटला. काठ हाकेवर आला होता, तरी होडी हिंदकळू लागली. मुलाची आई ओरडली, "अगो बाय! वाचवा रे कोणीतरी!"

गुणाजी म्हणाला, "घाबरू नका. मला माहीत आहे काय करायचं."

त्याने होडीच्या तळाचं बूच काढलं.

पाणी भसाभस आत आलं. होडी शांतपणे खाली गेली आणि वाळूवर टेकली. पाहुणे गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले. वडिलांची टोपी एकटीच खाडीपलीकडे परत निघाली.

काठावर आत्ये रडायला लागली. "गेलं! माझ्या शेवंतीचं लग्न गेलं!"

शेवंतीला मात्र हसू आवरेना. मुलाने पाण्यातून तिच्याकडे पाहिलं आणि तोही हसू लागला. आई कडाडली, "हसतोस काय? असल्या घराशी सोयरीक करायची?"

मुलगा म्हणाला, "आई, माझं ठरलं."

तेवढ्यात वारा पडला. गुणाजी काठावर पळाला आणि पाण्यातून लगबगीने परत आला. डोक्यावर हवा भरायचा पंप होता.

"रडू नको आत्ये, आता सगळे वर येतात," तो म्हणाला. मग पंपाची नळी हातात धरून तो मुलाच्या आईपुढे उभा राहिला.

"विहीणबाई, तोंड उघडा."