जांभळीखाली झटकलेली धूळ

फार फार वर्षांपूर्वी, रानातल्या वाटा अजून माणसांच्या पायांनी मळल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. छोट्यांनो, ती तुमच्यासाठी आहे. आणि तुम्हाला मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांसाठी तर जरा जास्तच.

एका रानात एक सशीण राहायची. तिला एकुलती एक लेक. सशीण भित्री होती, हे वेगळं सांगायला नको. तिला वाऱ्याची भीती वाटे, आणि वारा थांबला की तो का थांबला याचीही वाटे. पाठीवर वाळकं पान पडलं तरी ती आधी तीन उड्या मारी आणि मग मागे वळून बघे. त्यामुळे ‘मला भीती वाटतेय’ असं ती म्हणाली, तर कुणी मानही वर करत नसे. तिचा स्वतःचाही स्वतःच्या भीतीवर भरवसा नव्हता.

रानाच्या मधोमध एक मोकळं मैदान होतं. तिथे सगळ्यांची पोरं पायांनी चेंडू खेळत. चेंडू गवताचा, वरून वेलींनी आवळलेला. शिकवायला होता एक म्हातारा गवा. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. लहानपणी खेळताना त्यांचं एक शिंग मोडलं होतं, आणि ते मोडकं शिंग ते मोठ्या अभिमानाने दाखवीत. नदीपलीकडच्या रानाशी दर वर्षी सामना व्हायचा. वस्तादांची पोरं कधी हरली नव्हती.

मैदानाच्या तोंडाशी एक जांभळीचं झाड होतं. घरी निघताना सगळ्या पोरांनी त्याच्याखाली पाय झटकायचे आणि एका सुरात म्हणायचं, “इथलं इथेच.” ही तिथली फार जुनी रीत. खेळातली भांडणं घरी जाऊ नयेत, आयाबापांची आपसात जुंपू नये, एवढाच तिचा हेतू. आयांना ही रीत फार आवडे, कारण पोरं स्वच्छ पायांनी घरी येत. सशीणही लेकीचे पाय बघून खूश व्हायची. तोंडाकडे बघायला तिला जरा उशीरच झाला.

आधी लेकीची बडबड थांबली. मग खेळायला जायच्या वेळी रोज पोट दुखायला लागलं. आणि एका दुपारी लेक झोपलेली असताना सशिणीचं लक्ष तिच्या मिशांकडे गेलं. उजवीकडे होत्या सात. डावीकडे चारच.

“काट्यात अडकल्या,” लेक म्हणाली आणि तिने कूस बदलली.

ससे काटेरी जाळीत राहत. मिशा टेकवल्या की कोणत्या फटीतून अंग जाईल ते सशाला कळतं. मिशा नसतील तर फट चुकते. आणि तिन्हीसांजेला त्या जाळीभोवती कोल्हा हिंडायचा.

सशिणीने पुन्हा निरखून बघितलं. काट्याने मिशी अशी मुळापासून, सरळ रेषेत तुटते का? पण लगेच तिला वाटलं, आपल्याला काय कळतंय? आपण तर पानालाही घाबरतो. तिने शेजारच्या साळूबाईला विचारलं. साळूबाई हसली आणि म्हणाली की मैदान म्हटलं की खरचटायचंच, माझ्या पोरांना बघ, कधी तक्रार नाही. तिच्या पोरांच्या अंगभर हातभर लांब काटे होते, हे मात्र दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी डावीकडे तीन मिशा राहिल्या.

मग सशीण कशीबशी वस्तादांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बाई, थोडी खेचाखेच होणारच,” ते म्हणाले. “त्यातूनच पोरं घट्ट होतात. हे शिंग बघा माझं.” सशिणीने शिंग बघितलं, त्यांचे आभार मानले आणि ती परत आली. आभार कशाबद्दल मानले, हे तिला वाटभर उमगलं नाही.

त्या संध्याकाळी लेक वेळेवर आली नाही.

उजेड उतरला. सशीण जाळीच्या तोंडाशी कान टवकारून बसली. आधी पाचोळा वाजला. मग काटे हलले. मग कुणीतरी हुंगल्याचा आवाज आला, आणि तो लेकीचा नव्हता. सशीण आवाजाच्या दिशेने धावली. लेक भलत्याच फटीत कमरेपर्यंत अडकली होती, आणि तिच्या मागे गवतात दोन डोळे चमकत होते. सशिणीने तिच्या मानेला धरून सगळं बळ लावून ओढलं. काट्यांवर लेकीची थोडी लव राहिली. कोल्ह्याच्या तोंडाला तेवढीच लागली.

लेकीच्या डाव्या गालावर आता एकही मिशी नव्हती.

जाळीत आत शिरल्यावर लेक बोलली. चेंडू हुकला की रानडुकराची दोन पोरं तिची एक मिशी उपटत. आज वस्तादांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की कुणाची तरी आई तक्रार घेऊन आली होती, असं आपल्याकडे चालत नाही. मग खेळ संपल्यावर उरलेल्या तिन्ही गेल्या.

“मला का नाही सांगितलंस गं?” सशिणीने विचारलं.

“आपण पाय झटकतो ना, आई,” लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खेळ सुटताना सशीण लेकीला घेऊन जांभळीखाली उभी राहिली.  तिचे कान पाठीला चिकटले होते.

“आज कुणी पाय झटकायचे नाहीत,” ती म्हणाली.

“काय काकू, पान पडलं का पाठीवर?” रानडुकराच्या थोरल्या पोराने विचारलं. सगळी पोरं फिदीफिदी हसली.

“हो, पानालाही मी घाबरते,” सशीण म्हणाली. “म्हणून तर इतके दिवस माझी मलाच खात्री नव्हती. पण माझ्या लेकीच्या मिशा पानाने उपटलेल्या नाहीत.”

हसू थांबलं. कुणी पाय झटकेना. मग चितळाचं पाडस पुढे आलं आणि त्याने मागे वळून आपली शेपटी दाखवली. टोकाचे केस कुरतडलेले होते. शेवटी धाकटं डुकराचं पोर खाली बघत म्हणालं, “मी मिशा काढल्या नसत्या, तर दादाने माझा कान फाडला असता. एकदा फाडलाय.”

वस्ताद झाडाला टेकून ऐकत होते. 

“पोरांनी हे शिंग मोडलं त्या दिवशी मीही इथेच पाय झटकले होते,” ते हळूच म्हणाले. “आई रात्रभर विचारत राहिली. मी सांगितलं, दगडावर पडलो. ती वारली, तरी तिच्या लेखी मी दगडावरच पडलेलो होतो.” मग ते सशिणीकडे वळले. “बाई, काल तुम्ही आला होतात, तेव्हा मी ऐकायला हवं होतं.”

त्या दिवसापासून ती रीत मोडली. आता जांभळीखाली प्रत्येक पोराने आज काय दुखलं ते सांगायचं, आणि शेवटचं पोर सांगून होईपर्यंत वस्तादांनी तिथून हलायचं नाही. थोरल्या डुकराला त्यांनी हाकललं नाही. पण त्या वर्षी खेळूही दिलं नाही, रोज शेजारी बसवून सगळं ऐकायला लावलं. आणि लेकीच्या मिशा पुन्हा येईपर्यंत ते स्वतः तिन्हीसांजेला काटेरी जाळीपाशी उभे राहिले.

त्या वर्षी ते नदीपलीकडच्यांशी हरले. पाऊस सरला तेव्हा लेकीच्या डाव्या गालावर सात मिशा होत्या. सशीण अजूनही पानाला घाबरते. पण लेक घरी आली की आधी तिच्या तोंडाकडे बघते, मग पायांकडे.

तात्पर्य: जिथे लेकराला सोसून गप्प राहायला शिकवतात, तिथे त्याला खेळ शिकवला जात नाही, आणि आईने आपली भीती झटकून टाकण्याआधी एकदा तिचं ऐकून घ्यावं.