भिवराबाईची चूल

दोनथडीच्या तळ्यावर आलेला पाहुणा आधी पाणी बघतो, मग बांध बघतो, आणि मग बांधाच्या पायथ्याशी मांडलेले ते तीन काळे दगड बघून हमखास विचारतो, "इथं कोण राहतं?" तळ्याकाठच्या देवळाचे म्हाळू गुरव या प्रश्नाची वाटच बघत असतात. "राहत कुणी नाही. जेवतात मात्र," असे म्हणून ते उपरणे झटकतात आणि पायरीवर बैठक मारतात. मग पाहुण्याची गाडी चुकली तरी गोष्ट संपल्याशिवाय सुटका नसते.

फार जुन्या काळी हा सगळा मुलूख एका राजाचा होता, असे सांगतात. राजा गेला आणि दोघा मुलांनी राज्य वाटून घेतले. मधला ओढा ही हद्द ठरली, तो ओलांडायला बंदी झाली. अलीकडच्या लेकी पलीकडे नांदत होत्या, पलीकडच्या अलीकडे. त्यांची माहेरे एका दिवसात परमुलखात गेली. कालपर्यंत एकमेकांच्या लग्नात वाढपी म्हणून राबणारी माणसे एकमेकांना पाण्यात पाहू लागली.

पण उन्हाळ्यात घसा दोन्हीकडे सारखाच कोरडा पडे. शेवटी दोन्ही राजांनी मिळून ओढ्यावर बांध घालायचे ठरवले, आणि काय सांगावे, भांडणारी प्रजा एकदम उत्साहाने उठली! घरटी एक घडीव दगड द्यायचा आणि त्यावर आपल्या घराची खूण कोरायची, असा बेत झाला. कुणी नांगर कोरला, कुणी बैल, कुणी तुळस. देखरेखीला अलीकडून रायाजी कारभारी नेमला आणि पलीकडून त्याच्याच तोडीचा दुसरा. चारचौघांत हे दोघे एकमेकांचे तोंड बघत नसत. आतून मात्र एका ताटात जेवत.

बांध उभा राहिला. बाहेरून दगडांचा एक पदर, आत नुसती माती. उरलेले दगड कुठे गेले म्हणता? दोन्ही कारभाऱ्यांची नवी घरे त्याच साली उठली, हत्ती बांधावा अशा जोत्यांची. त्यातही शहाणपण बघा. आपल्या बाजूचा दगड आपल्या जोत्यात घातला तर शेजारी खूण ओळखतील, म्हणून दोघांनी दगडांची अदलाबदल केली. पलीकडचे रायाजीच्या घराला, अलीकडचे पलीकडच्याला. वरून मातीचा गिलावा.

एक गोष्ट रायाजी विसरला. त्याची बायको भिवराबाई पलीकडची होती. बंदी आल्यापासून तिच्या माहेराचे नावही त्याने घरात निघू दिले नव्हते, तेव्हा विसरणारच!

पावसाळा निम्मा सरला, तळे भरत आले आणि बांध पाझरू लागला. रायाजीने लगेच दवंडी पिटवली, आपल्या बाजूचा बांध पक्का आहे, दगड चोरले ते पलीकडच्यांनी. पलीकडे तीच दवंडी उलटी. बांधाखाली दोन्ही थडींच्या वस्त्या होत्या, पण बांध कुणी बघेना. जो तो कुऱ्हाडीला धार लावत सुटला.

त्या सकाळी भिवराबाईच्या जिवाला थारा नव्हता. हाणामारी झाली तर समोर तिचेच भाऊ असणार होते. हाताला चाळा म्हणून ती पावसाने उघडे पडलेले जोते सारवायला बसली, आणि सारवता सारवता तिची बोटे थबकली. दगडावर राघू होता, मान मागे वळवलेला. असा राघू तिच्या बापाच्या दाराच्या चौकटीवर होता, आणि दोन्ही मुलखांत दुसरीकडे कुठेच नव्हता. ती त्या दगडाला गाल लावून रडली म्हणे. मग तिने हाताने गिलावा खरवडला. शेजारी मामाची तुळस निघाली, मग शेजारणीचा बैल. सगळे माहेर तिच्या पायाखाली गाडलेले होते.

नवरा दारात आला, तशी ती म्हणाली, "ह्यो माझ्या बापाचा दगड हाय."

"हळू बोल. दगडाला काय नाव असतंय?"

"मग बांध पक्का हाय म्हणायचा?"

"पक्का हाय. सगळ्या गावाला सांगितलंय तसं."

तिने पोरांना हाताशी धरले, डोक्यावर भांडी घेतली, आणि तडक बांधाखाली जाऊन तीन दगडांची चूल मांडली. वरून पाणी ठिबकत होते, खाली भात रटरटत होता. दोन्हीकडचे लोक कुऱ्हाडी घेऊन बांधाच्या टोकांना येऊन भिडले, ते खाली बघून जागीच थांबले. कारभाऱ्याची बायको पोरे घेऊन तिथे का बसली, कुणाला कळेना.

रायाजी धावत खाली आला. "ऊठ!" तो ओरडला.

"बांध पक्का हाय न्हवं?" तिने त्याच्यापुढे पान मांडले. "मग बसा. चार घास खावा माझ्या लेकरांसंगं."

सगळा मुलूख वरून बघत होता. रायाजी बसला. त्याने घास उचलला, पण तोंडाशी नेईना. डोळे सारखे वर, बांधाकडे. एक ओघळ धाकट्या पोराच्या पानात पडला, आणि रायाजीच्या हातातला घास गळाला. "माझं जोतं उकरा!" तो किंचाळला. "दगड तिथं हाईत! पलीकडंबी हाईत, त्याच्या जोत्यात! पळा!"

मग काय धावाधाव झाली म्हणता! कुऱ्हाडी पडल्या, पहारी निघाल्या. दोन्ही कारभाऱ्यांची घरे बघता बघता बसली. दगड हातोहात निघाले, अलीकडच्या हातातून पलीकडच्या हातात, आणि ओढ्याची बंदी कुणाच्या ध्यानातही राहिली नाही. रायाजी स्वतः ओझी वाहत होता. पोरांना केव्हाच वर नेले होते, भिवराबाई मात्र हलली नाही. तिचा म्हातारा बाप राघूचा दगड छातीशी धरून खाली उतरला, तो तिच्या डोक्यावरच्या फटीत बसवला, तेव्हा कुठे ती उठली. बापलेकीने आधी एकमेकांना पोटभर बघितले आणि मग तोच भात दोन्हीकडच्यांना वाढला.

बांध टिकला. म्हाळू गुरव इथे पाहुण्याला हात धरून राघू दाखवतात. त्याच्यावरून हात फिरवून फिरवून चोच झिजली आहे.

आजही दोनथडीत जो कुणी निवडून येतो, तो खुर्चीवर बसण्याआधी बायकापोरांसह या चुलीवर भात शिजवून इथेच जेवतो. सगळे गाव बांधावर उभे राहते. तो काय खातो, याकडे कुणाचे लक्ष नसते. जेवताना ज्याची मान वर बांधाकडे वळते, त्याच्या घराचे जोते गाव त्याच दिवशी उकरून बघते.