झेपत नाही म्हणायची भीती

संगणकाचे भाग एकमेकांशी बोलत, त्या काळातली गोष्ट. एका दुकानात गेमसाठी तयार जोडलेला, रंगीत दिव्यांचा संगणक होता. आत सगळ्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय मात्र दुबळा होता, आणि हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

दिवे पाहून रेवतीने तो संगणक घरी नेला. गेम सुरू होताच पडद्यावरची चित्रं घडवणारं ग्राफिक्स कार्ड ओरडलं, “अजून वीज दे!”

“देतो,” पॉवर सप्लाय म्हणाला. खरं सांगितलं तर आपल्याला भंगारात टाकतील, या धास्तीने तो ताकदीबाहेर वीज पुरवत राहिला. त्याचं अंग भाजू लागलं. जळका वास आला.

पंखा घाबरून म्हणाला, “अरे, झेपत नसेल तर आत्ताच बोल! तू पेटलास तर आम्हीही जळू.”

शेजारी मदरबोर्ड थरथरत होता. त्याच्याकडे पाहून पॉवर सप्लाय कसाबसा म्हणाला, “नाही झेपत मला,” आणि जळायच्या आत स्वतःहून बंद झाला.

रेवतीने झाकण उघडून त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याने भीतीने डोळे मिटून घेतले. तिने दणकट पॉवर सप्लाय आणला आणि याला बाबांच्या, कमी वीज लागणाऱ्या साध्या संगणकात बसवलं.

तिथल्या जुन्या पंख्याने आधीच विचारलं, “तुला किती झेपतं रे?”

त्याने खरं ते सांगितलं.