दुसऱ्याचं नाक

“मग मीटर खोटं बोलतं का, चाचा?”

प्रोफेसर देवस्थळींनी हे तिसऱ्यांदा विचारलं. शब्बीरचाचा अत्तराच्या कुपीला बूच लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

काउंटरवर एक प्लास्टिकचा डबा होता. त्यात कॉम्प्युटरचे दोन पंखे आणि दोन जाळ्यांमध्ये दाबून भरलेले कोळशाचे दाणे. देवस्थळी दीड महिना त्यावर खपले होते. घरी रेझिनचा थ्रीडी प्रिंटर होता, त्यावर ते बुद्धिबळाचे मोहरे बनवत. ओल्या रेझिनला उग्र वास. म्हणून प्रिंटरभोवती ॲक्रिलिकची पेटी केली. पेटीतली हवा या डब्यातून बाहेर पडायची आणि वास कोळशात अडकायचा, अशी योजना. बाहेर निसटलेला वास मोजायला एक मीटर.

देवस्थळींनी पस्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर गेली दोन वर्षं दर बुधवारी ते चाचांकडे वास ओळखायला शिकत. कुठल्याही अत्तरातल्या रेणूची रचना ते कागदावर काढून दाखवत. डोळे मिटून मोगरा कुठला आणि जुई कुठली, हे मात्र अजून सांगता येत नव्हतं.

“मीटर शून्य दाखवतं,” देवस्थळी म्हणाले. “पण ते मीच जोडलंय ना. कोळसा तीनदा बदलला. तरी एखाद्या फटीतून हवा निसटत असेल तर? माझं गणितच चुकलं असेल तर?”

“तुम्हाला वास येतो?”

“नाही.”

“मे महिन्यात येत होता?”

“तेव्हाही नाही.”

मे महिन्यात त्यांची मुलगी सुनेत्रा चार महिन्यांच्या बाळाला घेऊन आली होती. तासाभरात बाळाला उचलून लॉजवर गेली. “बाबा, इथं श्वास घेववत नाही. तुम्हाला कळतच नाही का?” आता शनिवारी ती पुन्हा येणार होती. सकाळीच फोन आला होता. लॉज आधीच सांगून ठेवू का, तेवढं कळवा.

“तुम्ही डबा हुंगून बघा, चाचा. तुमचं नाक तयार.”

चाचा हसले. “माझ्या दुकानात वास कसला येतो?”

“हे काय विचारणं? गुलाब, खस, ऊद...”

“मला येत नाही. पन्नास वर्षं झाली.”

“मग अत्तर बिघडलं तर कळतं कसं?”

“बाहेरून कुणी आलं, की पायरीवर त्याचं तोंड बघतो.”

चाचांनी कुपी फळीवर ठेवली.

“तुमच्या पायरीवर कोण येतं, प्रोफेसरसाहेब?”

“दूधवाला. पिशवी कडीला अडकवून जातो.”

“आणि आत?”

देवस्थळींनी डब्यातला पंखा बोटानं फिरवला.

“मोहऱ्यांनी कुणाशी खेळता?”

“खेळत नाही. बनवतो. अकरा संच झालेत.”

चाचांनी शटर ओढलं. भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या वेळेला.

“चला.”

ते नदीकाठच्या लांबच्या रस्त्यानं देवस्थळींच्या घरी निघाले. “नाक धुऊन घेतो,” चाचा म्हणाले, आणि वाऱ्याकडे तोंड करून चालत राहिले.

देवस्थळींनी डबा पेटीला जोडून प्रिंटर चालू केला. तासभर चाचा बाहेर कट्ट्यावर बसले. मग उठले, उंबऱ्यावर थांबले, डोळे मिटून एक श्वास घेतला.

देवस्थळी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. निकालाच्या दिवशी विद्यार्थी बघतात तसे.

“डबा चोख झालाय. रेझिनचा वास नाही.”

“पण... तुमचं नाक मुरडलं. मी पाहिलं.”

“पाहिलंत? मग दोन वर्षं वाया नाही गेली.”

“कसला वास आहे?”

“बंद घराचा.”

“त्याला कुठला कोळसा लागतो?” देवस्थळींनी विचारलं. “सुनेत्राला काय कळवू मी?”

चाचांनी खुर्चीवरची खोकी उचलून जमिनीवर ठेवली. एक खोकं उघडलं, धूळ फुंकली आणि मोहरे मांडायला घेतले. सवयीनं देवस्थळी दार लावायला वळले.

“राहू द्या उघडं,” चाचा म्हणाले. “शनिवारला अजून तीन दिवस आहेत. पांढरे माझे.”